लाइट गेली की लिनक्स अडतं: घरच्या कॉम्प्युटरवर बाहेरची ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा पुन्हा का थांबते

सोलापूरच्या साखर पेठेत टॉवेलचा छोटा कारखाना असलेल्या अण्णांचा मला चौथ्यांदा फोन आला, तेव्हाही वाक्य तेच होतं. "ताई, लाइट जाऊन आली आणि ते परत काळं झालंय बघा."

अण्णांच्या घरच्या कॉम्प्युटरवर मीच लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी एक मोफत ऑपरेटिंग सिस्टीम, टाकून दिलं होतं. सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, आठ जीबी रॅम, मागाहून बसवलेली एनव्हीएमई एसएसडी. मशीन धडधाकट होतं. पण विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. चांगलं मशीन भंगारात जाऊ नये म्हणून हा मार्ग घेतला. मुलीचा अभ्यास, थोडी पत्रं, विजेचं बिल भरणं, एवढंच काम. पंधरा दिवस उत्तम चालायचं. मग लाइट जायची. परत चालू केलं की मिंटचं चिन्ह क्षणभर दिसायचं आणि काळ्या पडद्यावर इशारा यायचा की अमुक आयडीची डिस्क अस्तित्वात नाही. त्याखाली कंसात ‘इनिट्रॅमएफएस’ हा शब्द आणि पुढे लुकलुकणारी रेघ.

पहिल्या तीन वेळा मी जाऊन बायोस, म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी जागा होणारा त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम, उघडला. डिस्कशी बोलण्याची पद्धत ‘रेड’वर गेलेली दिसायची. ती ‘एएचसीआय’वर आणली की लिनक्स मुकाट सुरू व्हायचं. मी चहा घेऊन निघायचे आणि मनात म्हणायचे, कुणीतरी बटणं दाबली असतील. चौथ्या वेळी मात्र बायोसच्या पहिल्याच पानावर वरची तारीख वाचली. १ जानेवारी २०१७.

बटणं कुणीच दाबली नव्हती. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता.

त्या सेलचं नाव सीआर २०३२. नवा असताना तो तीन व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. अण्णांचा मी मीटर लावून पाहिला, तर दोनपर्यंतही पोचत नव्हता. कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढली किंवा लाइट गेली, की घड्याळ आणि बायोसच्या सेटिंग याच सेलवर टिकून राहतात. तो संपला की बायोस कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर परत जातो. आता खरा मुद्दा. ही मूळ सेटिंग कुणाच्या सोयीची? मशीन ज्या विंडोजसह कारखान्यातून बाहेर पडलं, त्या विंडोजच्या सोयीची. अण्णांच्या मशीनवर विंडोज असतं तर तारीख चुकली असती, पण डिस्क सापडली असती, कारण त्या विंडोजची बसवणीच ‘रेड’ पद्धतीवर झाली होती. लिनक्सला त्या पद्धतीत ती एसएसडी इंटेलच्या कंट्रोलरमागे दडलेली असते. ग्रब, म्हणजे लिनक्सला उठवणारा छोटा प्रोग्रॅम, सुरू होतं, कारण त्याला बायोसचे स्वतःचे डोळे वापरता येतात. मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सूत्रं हाती घेतं, त्याला डिस्क दिसत नाही, आणि गाडी तिथंच थांबते.

हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "म्हणजे मशीन रात्रीतून आपल्या जुन्या डिझाइनवर जातं आणि कार्डं आपण दुसऱ्या जॅकार्डची लावलेली." (जॅकार्ड म्हणजे मागावर भोकांच्या कार्डांनी नक्षी काढणारं यंत्र.) मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

तुमच्याकडे हेच होत असेल तर

लाइट जाऊन आल्यावरच बिघाड होतो, हातानं बंद-चालू केल्यावर होत नाही, आणि तारीख मागे जाते, असं असेल तर लिनक्स पुन्हा टाकू नका. आधी सेल बदला. कॉम्प्युटर बंद करा, वायर काढा, चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट निघून जाईल. मग बाजूचं झाकण उघडा. सेल ज्या कडीत अडकवलेला असतो ती नखानं हलकेच सरकवली की तो वर उडतो. नवा बसवताना अधिकचं चिन्ह वर. पकडीनं धरू नका, दोन्ही बाजू एकदम टेकल्या तर नवाच सेल वाया जातो. बहुतेक लॅपटॉपमध्ये हा सेल वायर आणि प्लास्टिकच्या वेष्टनात असतो, ते काम नव्या पेठेतल्या दुरुस्तीवाल्याकडून करून घेतलेलं बरं.

नंतर बायोसमध्ये जाऊन चार गोष्टी बघा: तारीख, डिस्कची पद्धत, बूट, म्हणजे मशीनची सुरुवात, नव्या यूईएफआय पद्धतीवर आहे की जुन्या लेगसीवर, आणि बूटचा क्रम. सगळं मनासारखं झालं की प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मी तर कागदाच्या चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवते, सेल बदलल्याच्या तारखेसह. पुढच्या वेळी उघडणारा मी नसले तरी त्याला कळावं.

एक फरक लक्षात ठेवा, कारण पडदा दोन्ही वेळा सारखाच दिसतो. ‘डिस्क अस्तित्वात नाही’ असं लिहिलं असेल तर वरचं कारण. पण ‘हातानं एफएससीके चालवा’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य असेल, तर डिस्क दिसते आहे, फक्त लाइट मध्येच गेल्यामुळे तिच्यावरच्या फायलींची नोंदवही अर्धवट राहिली आहे. तिथंच एफएससीके, मग एक जागा सोडून उणे वाय, मग पडद्यावर दिसणारं त्या भागाचं नाव लिहायचं. ही कमांड ती नोंदवही दुरुस्त करते. मग ‘एक्झिट’ लिहून एंटर. हे महिन्यातून दोनदा होत असेल तर यूपीएस घ्या, आणि मिंटमधल्या ‘डिस्क्स’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन त्या डिस्कची ‘स्मार्ट’ नावाची तपासणी बघा. डिस्क मरायला टेकली असेल तर ती तिथं अनेकदा आधीच बोलते.

मुळात अडचण कुठली

घरच्या कॉम्प्युटरच्या बाबतीत तीन पक्ष असतात. मशीन बनवणारी कंपनी, तिनं कारखान्यातच बसवलेली ऑपरेटिंग सिस्टीम, आणि आपण मागाहून आणलेली तिसरी. पहिल्या दोघांनी महिनोन्‌महिने एकमेकांबरोबर चाचण्या घेतलेल्या असतात. तिसरीला त्या घरात कुणी ओळखत नसतं. वायफायची चिप, टचपॅड, बोटाचा ठसा घेणारा सेन्सर, यांचे ड्रायव्हर, म्हणजे त्या वस्तू चालवणारे प्रोग्रॅम, चिप बनवणारे लिहितात, आणि ते ज्याच्यासाठी मागणी आली त्याच्यासाठी लिहितात. लिनक्सचे ड्रायव्हर अनेकदा बाहेरच्या लोकांनी, कधी माहितीपत्रकाशिवाय, चाचपडत लिहिलेले असतात. तरी ते इतके चालतात याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

हे किती खोलवर गेलंय याचं एक उदाहरण. मशीनमधला बायोस ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतो, की तू विंडोज आहेस का, असशील तर कुठली. त्या उत्तरावर पंखा, झोप, चार्जिंग यांचे पुढचे आदेश ठरतात. लिनक्सचं कर्नल या प्रश्नाला ‘हो, मी विंडोज’ असं उत्तर देतं, आणि ‘तू लिनक्स आहेस का’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणतं. कारण बायोसमधला विंडोजचा रस्ताच तेवढा नीट तपासलेला असतो, दुसऱ्या रस्त्यावर खड्डे.

ही आजची गोष्ट नाही. एके काळी मायक्रोसॉफ्टचे करार असे होते, की कॉम्प्युटर बनवणाऱ्यानं विकलेल्या प्रत्येक मशीनमागे पैसे भरायचे, त्यात मायक्रोसॉफ्टची सिस्टीम असो वा नसो. दुसरी सिस्टीम देणाऱ्याला म्हणजे दोनदा खर्च. १९९४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाशी झालेल्या तडजोडीत ही पद्धत थांबली. पण तोवर सवय रुजली होती. बीओएस नावाची सुंदर सिस्टीम होती, तिला नव्या मशीनवर जागाच मिळेना. तिच्या कंपनीनं दावा लावला, २००३ मध्ये दोन कोटी साडेबत्तीस लाख डॉलर घेऊन तो मिटला, पण तोवर कंपनी संपलेली.

उलट बाजूही बघा. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचंच कर्नल आहे. जगातले सगळ्यात वेगवान पाचशे महासंगणक नोव्हेंबर २०१७ पासून झाडून सगळे लिनक्सवर चालतात. केरळातल्या सरकारी शाळांमध्ये वर्षानुवर्षं मुलं लिनक्सवर शिकतात. तिथं ते अडत नाही, कारण मशीन आणि सिस्टीम यांची सांगड आधीच कुणीतरी घालून दिलेली असते. आपल्या घरी ते काम आपल्याला करायचं आहे. कठीण नाही, पण टाकण्याआधी करायचं असतं, टाकल्यानंतर नाही.

आणि हो, ‘फ्री डॉस’ लिहिलेला लॅपटॉप स्वस्त मिळतो म्हणून तो लिनक्ससाठी तपासलेला आहे असं समजू नका. त्याचा अर्थ एवढाच, की विंडोजचे पैसे किमतीत धरलेले नाहीत.

वायफाय दिसतच नाही

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. लिनक्स टाकलं, सगळं छान, पण वायफायची खूणच नाही. आणि ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट लागतं, म्हणजे किल्ली आतच राहिली आणि कुलूप बाहेरून लागलं. मोबाइल यूएसबी वायरनं जोडा, मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला ते लॅन केबलसारखं दिसतं, बहुतेक वेळा काहीही न टाकता इंटरनेट सुरू होतं. मग मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर, किंवा उबुंटू हे दुसरं लिनक्स असेल तर त्यातला ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’, उघडा. ब्रॉडकॉमच्या चिपचा ड्रायव्हर तिथं सहसा मिळतो. रिअलटेकच्या काही चिपना, खासकरून स्वस्त लॅपटॉपमध्ये येणाऱ्यांना, नव्या कर्नलची वाट बघावी लागते. नवी आवृत्ती टाकली की अनेकदा प्रश्न आपोआप मिटतो.

चिपचं नाव बाहेर लिहिलेलं नसतं. विंडोज अजून मशीनवर असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन त्या वस्तूच्या प्रॉपर्टीजमध्ये हार्डवेअर आयडी बघा. पहिला आकडा कंपनीचा: इंटेल असेल तर ८०८६, रिअलटेक १०ईसी, ब्रॉडकॉम १४ई४, एनव्हिडिया १०डीई. दुसरा आकडा नेमक्या चिपचा. हे दोन आकडे आणि पुढे लिनक्स एवढं शोधलं, की तुमच्याआधी ज्यानं डोकं फोडलं त्याचं उत्तर सापडतं. मॉडेलच्या नावावर विसंबू नका. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये कंपनी दोन वेगवेगळ्या वायफाय चिप घालते, मी स्वतः शेजारी शेजारी ठेवून पाहिलंय.

ड्रायव्हर टाकूनही चालत नसेल तर सिक्युअर बूटकडे बघा. ही सोय २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर घराघरांत आली. सही नसलेलं काही सुरू होताना चालू द्यायचं नाही, हा तिचा नियम, आणि नियम वाईट नाही. पण बाहेरून बांधलेल्या ड्रायव्हरला तुमची स्वतःची सही लागते. ड्रायव्हर टाकताना तो एक पासवर्ड मागतो आणि पुढच्या वेळी चालू करताना निळ्या पडद्यावर ‘मॉक मॅनेजमेंट’ असं विचारतो. लोक घाबरून तिथं ‘कंटिन्यू बूट’ करतात आणि संधी गेली. तिथं ‘एनरोल मॉक’ निवडायचं, तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा दहाएक सेकंदांत निघून जातो, तेव्हा चहा ठेवायला उठू नका.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच मशीनवर

मी स्वतः शक्यतो दोन वेगळ्या डिस्क वापरायला सांगते. एकाच डिस्कवर दोघांना नांदवायचं तर आधी तीन कामं करा, नंतर नाही.

पहिलं, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. हल्लीच्या विंडोज ११ मध्ये डिस्क न विचारता कुलूपबंद झालेली असू शकते. तुम्ही बायोसमध्ये सिक्युअर बूटला हात लावला की विंडोज ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधी उघडून कागदावर उतरवा. जुळे सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाचा चार सत्रांचा प्रोजेक्ट अशा कुलपामागे अडकला होता. खातं कुठल्या मेल आयडीनं उघडलं हेच त्याच्या घरात कुणाला आठवेना. दोन दिवसांनी त्याच्या आईला आठवलं, की दुकानदारानं तिचा मोबाइल नंबर घातला होता. की मिळाली. ते दोन दिवस त्या घरात कुणी नीट जेवलं नाही.

दुसरं, फास्ट स्टार्टअप बंद करा. विंडोज ‘शटडाउन’ केल्यावर खरं तर अर्धवट झोपतं, आणि डिस्कवर ‘मी परत येणार आहे’ अशी खूण ठेवतं. लिनक्स ती खूण मानतं आणि तो भाग फक्त वाचायला देतं, लिहायला नाही. फोटो कॉपी होत नाहीत अशी तक्रार आली की दहातल्या आठ वेळा हेच निघतं. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअपपुढची टिक काढून टाका.

तिसरं, इंटेलची रेड पद्धत. लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर एएचसीआयवर आणावं लागतं. थेट बदलू नका, विंडोज सुरू होणार नाही. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, मग बायोसमध्ये बदला, एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या, मग सेफ मोड काढा.

घड्याळ साडेपाच तास मागे पडणं हा बिघाड नाही, तो आपल्या भारतीय वेळेचा हिशोब आहे. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं. लिनक्सला टाइमडेटसीटीएल या कमांडनं स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की मिटलं. पण तास साडेपाच नसून वर्षंच मागे गेली असतील, तर वर सांगितलं तिकडे, सेलकडे बघा. चुकीच्या तारखेनं बँकेच्या साइट उघडत नाहीत आणि लिनक्सचे अपडेटही ‘ही फाइल अजून लागू झालेली नाही’ म्हणून नाकारले जातात. लोक इंटरनेटवाल्याला फोन लावत बसतात.

विंडोजच्या अपडेटनंतर लिनक्सचा पर्याय गायब झाला तर बहुधा फक्त बूटचा क्रम बदललेला असतो. बायोसमध्ये जाऊन लिनक्सचं नाव वर आणा. ऑगस्ट २०२४ मध्ये मात्र वेगळं झालं होतं: विंडोजच्या सुरक्षा अपडेटनं लिनक्सचा जुना बूटलोडरच, म्हणजे लिनक्सला उठवणारा प्रोग्रॅमच, नाकारला आणि ‘शिम एसबॅट’ असा काहीसा संदेश देऊन मशीन बंद व्हायला लागली. जुन्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स टाकू पाहणाऱ्यांना तो संदेश अजूनही भेटू शकतो. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून सुरू करा, सगळे अपडेट घ्या, मग परत चालू करा. नवी आयएसओ, म्हणजे लिनक्स टाकायची फाइल, उतरवलेली सगळ्यात उत्तम.

काळा पडदा आणि ग्राफिक्स कार्ड

पेन ड्राइव्हवरून सुरू करतानाच पडदा काळा राहत असेल तर सुरुवातीच्या यादीत ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ किंवा ‘सेफ ग्राफिक्स’ निवडा. जुन्या एनव्हिडिया कार्डांबद्दल माझं स्पष्ट मत आहे. जीटी ७१० सारख्या कार्डांना ४७० मालिकेचा जुना ड्रायव्हर लागतो, आणि नवं कर्नल आलं की तो मागे पडतो. घरकामासाठी, अभ्यासासाठी, व्हिडिओसाठी ते कार्ड काढून ठेवा आणि केबल मदरबोर्डच्या जागेत लावा. तुमच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर ते कमी कटकटीत चालतं.

लिनक्सचा दोष नसलेल्या गोष्टी

सोलापूरचा उन्हाळा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांना जातो. त्यात पूर्व भागातल्या ज्या घरांत खाली माग आणि वर राहणं आहे, तिथं कॉम्प्युटरच्या पंख्यात सुताचं बारीक तूस जाऊन बसतं. अशोक चौकाजवळच्या एका घरात मी हीटसिंक उघडला, तर पंखा आणि पात्यांच्या मध्ये करड्या रंगाचा गालिचाच तयार झाला होता, चिमटीत धरून एका तुकड्यात उचलून काढला. बोटाच्या पेराएवढा जाड. त्या घरी ‘लिनक्स टाकल्यापासून हँग होतं’ अशी तक्रार होती. विंडोजवरही होतच होतं, फक्त मार्चमध्ये टाकलं आणि एप्रिलमध्ये ऊन वाढलं. वर्षातून दोनदा, होळीच्या आधी आणि दसऱ्याला, ब्लोअरनं साफ करा. पंखा बोटानं धरून मग हवा मारा, नाहीतर तो गरगर फिरून खराब होतो. चार वर्षं झाली असतील तर प्रोसेसरवरचा थर्मल पेस्टही बदला.

लॅपटॉप झाकण मिटल्यावर पिशवीत तापत असेल तर ती गोष्ट वेगळी. नव्या लॅपटॉपमध्ये जुनी गाढ झोप काढून टाकून मोबाइलसारखी हलकी झोप आणली आहे, आणि लिनक्सवर तिचं सगळ्या मशीनवर जमत नाही. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये झोपेच्या पर्यायात लिनक्स असं वेगळं नाव असतं, ते निवडा. नसेल तर प्रवासात पूर्ण बंद करत जा.

बायोसचा अपडेट अनेक जुन्या दुखण्यांवर औषध आहे. पण आपल्याकडे यूपीएसशिवाय तो करू नका. मध्येच लाइट गेली तर बोर्डच जातो.

प्रिंटर, टॅली आणि आपली लिपी

इथं मी लोकांना लिनक्सकडे ओढत नाही. दुकानादुकानांत जे छोटे लेझर प्रिंटर दिसतात, त्यांतले बरेच अर्धे काम कॉम्प्युटरकडून करून घेतात. उदाहरणार्थ एचपी लेझरजेट १०२०. दर वेळी चालू केल्यावर त्याच्यात कॉम्प्युटरनं फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारा आतला प्रोग्रॅम, भरावं लागतं. एचपीलिप हा एचपीचाच लिनक्ससाठीचा प्रोग्रॅम आणि त्याचं प्लगइन टाकलं की लिनक्सवर तो चांगला चालतो. कॅननच्या एलबीपी २९०० ची भाषाच वेगळी आहे, आणि त्याचा लिनक्सवरचा ड्रायव्हर जुन्या बत्तीस बिटच्या फायली मागतो. तो चालवून दाखवणारे आहेत, पण रोज बिलं छापायची असतील तर त्या वाटेला जाऊ नका. नवा प्रिंटर घेताना आयपीपी किंवा एअरप्रिंट लिहिलेला घ्या, त्याला ड्रायव्हरच लागत नाही.

टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. जीएसटीची काही ऑफलाइन टूल एक्सेलच्या मॅक्रोवर चालतात. डिजिटल सहीचं टोकन, सेवा केंद्रातलं अंगठ्याचं मशीन, हे सगळं बहुतेक वेळा विंडोज धरूनच बसवलेलं. ज्यांचं पोट या कामावर आहे त्यांनी एक विंडोज मशीन ठेवावं, लपवण्यासारखं त्यात काही नाही. अण्णांची बिलं आजही कारखान्यातल्या विंडोज मशीनवरच होतात. घरचं मशीन लिनक्सवर आहे.

मराठीचं मात्र उलट आहे. युनिकोडमधली मराठी लिनक्सवर सुरेख चालते, इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून असतो, फक्त कीबोर्ड लेआउटमध्ये जोडायचा. ‘लिनक्समध्ये मराठी फाइल उघडली की भलतीच अक्षरं दिसतात’ असं कुणी म्हणालं तर ती फाइल श्री-लिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. तिथं ‘क’ म्हणून दिसणारी खूण आत इंग्रजी अक्षराच्या जागी साठवलेली असते. तो फॉन्ट नसेल तर नव्या विंडोजवरही तेच दिसेल. अशा फायली एकदाच कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणून ठेवा. तुमच्या संस्थेचे, मंडळाचे वीस वर्षांचे इतिवृत्त त्या फॉन्टमध्ये असतील तर हे काम उद्यावर टाकू नका.

टाकण्याआधी एक संध्याकाळ द्या

पेन ड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. घाईनं ‘इन्स्टॉल’ दाबू नका. वायफाय जोडा, एक व्हिडिओ लावा आणि आवाज ऐका, कॅमेऱ्यात स्वतःला बघा, ब्लूटूथचा स्पीकर जोडा, प्रिंट काढा, लॅपटॉप असेल तर झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा. जे पेन ड्राइव्हवर चालत नाही, ते टाकल्यावर आपोआप चालेल अशी आशा धरू नका. चार जीबी रॅम असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, आणि जुनी फिरती डिस्क काढून साधी एसएसडी बसवा. एवढ्यानंच मशीन निम्म्या वयाचं होतं.

आणि कुणाकडेही मदत मागायची वेळ आली, तर ‘काळं झालं’ एवढंच सांगू नका. पडद्यावरच्या शेवटच्या चार ओळींचा फोटो, बायोसच्या पहिल्या पानाचा फोटो, आणि त्याआधी काय घडलं होतं: लाइट गेली होती, अपडेट आला होता, की कुणी वायर हलवली होती. अण्णांनी पहिल्याच दिवशी तारखेचा फोटो पाठवला असता, तर मी चार फेऱ्यांऐवजी एकाच फेरीत नवा सेल घेऊन गेले असते.